मागून गाणारी

३ डिसेंबर २०२५

तीन संच, एक गायक. आणि निवड मी करायची!

तुकोजीमामांना या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतात. अठ्ठावीस तारखेला गोविंदपुरमला मोठं भजन आहे, ते नीट ध्वनिमुद्रित करून कायमचं ठेवायचं असं भजनसभेनं ठरवलंय. सभेचे नटराज आज मामांच्या ओसरीवर बसून म्हणाले, "भागवतर, चाळीस वर्षांत तुमच्या मागें तीन संच बसले. त्या दिवशीं कुठला बसवूं?" मामा पितळी डवऱ्यातली कापी, म्हणजे कॉफी, खालीवर करत राहिले. मग माझ्याकडे बोट. "तीस विचार. तिचा कान यंत्राचा. तिन्ही ऐकूं दे, मोजूं दे, मग सांगूं दे."

मी तिसऱ्या संचात. भागवतर, म्हणजे मुख्य गाणारे, ओळ म्हणतात, मागून ती पुन्हा म्हणायची — पिन्पाट्टु. सात वर्षं ते काम माझं. शिवाय ध्वनिमुद्रणही माझंच. म्हणजे न्यायाधीश मी आणि एका बाजूची वादीही मी. नटराजांच्या हे ध्यानात आलं नाही. मामांच्या आलं असणार, त्यांच्या सगळं ध्यानात येतं.

मागची जागा एकच. ती मला हवी आहे. हे एकदा इथे लिहून टाकते, म्हणजे बाकीचं मोजमाप स्वच्छ राहील.

५ डिसेंबर

पहिला संच. १९८४ ते १९९६. मृदंग, पेटी, झांज आणि मागून गाणारी राजेश्वरी. बस्स, एवढंच.

नटराजांनी कॅसेटी चिप्सच्या पत्र्याच्या डब्यातून पाठवल्या. दोन बुरशीनं चिकटलेल्या. बाकीच्या चालतात. शेजारच्या पितळी भांड्यांच्या कारखान्यात दिवसभर ठोके, त्यामुळे नीट ऐकायचं ते त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत.

सगळे सांगतात, तेव्हा मामांचा आवाज काय वर जायचा! खोटं आहे. कॅसेट जलद चालते. गाण्यामागे विजेची घरघर ऐकू येते, ती पन्नास हर्ट्झवर हवी. इथे साडेएक्कावन्नवर आहे. म्हणजे तीन टक्के जलद. वेग खाली आणला, मामा आपल्या खऱ्या पट्टीवर आले. मला बरं वाटलं. एक दंतकथा कमी झाली.

पण तीही खाली आली. राजेश्वरी. किंचित चिरका वाटणारा तो आवाज एकदम भरला, रुंद झाला. लोक इतकी वर्षं तिला चुकीच्या वेगात ऐकत होते. तरी रडत होते. आता मी तिला दुरुस्त केलं. माझ्या हातानं!

६ डिसेंबर

आईला सहज विचारलं, तुला राजेश्वरी आठवते का. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "अय्यो, राजेश्वरी! ती म्हणूं लागली कीं बायका मुलांस पाजायचें विसरायच्या."

मी गाते तेव्हा बायका काय विसरतात, हे विचारलं नाही.

८ डिसेंबर

दुसरा संच. १९९७ ते २०१८. चेन्नई. कीबोर्ड, तबला, दोन व्हायोलिनं, मागे चार मुली एकसारख्या साड्यांत. सिंगापूर, दुबई, न्यू जर्सी. मामा प्रसिद्ध झाले ते या काळात — सीडीवर रेशमी उपरणं आणि मागे ढग.

ध्वनिमुद्रण चांगलं. बाकी सांगण्यासारखं थोडं. कीबोर्ड सगळ्या फटी बुजवतो, एक श्वास मोकळा सोडत नाही. चार मुली शाळेची प्रार्थना म्हणतात. मामा त्यांच्यावरून जायला बघतात, म्हणून मोठ्यानं गातात. प्रत्येक ओळ ठासून, शेवटच्या अक्षरापर्यंत. जणू पत्ता सांगताहेत.

या संचाचा मला मत्सर वाटत नाही. म्हणून तो लगेच बाद केला. हे वाक्य पुन्हा वाचलं आणि आवडलं नाही. पण निकाल तोच राहतो.

१० डिसेंबर

आमची तालीम. तिसरा संच — पुन्हा लहान. त्यागराजचा मृदंग, पेटी आणि मी. प्रत्येकाला स्वतंत्र माइक. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात सांडायचा नाही. पहिल्याच वर्षी मी नियम घातला होता, मामांची ओळ पूर्ण संपल्याशिवाय मागची ओळ उचलायची नाही. पुण्याला शिकताना आमचे सर म्हणायचे, दोन आवाज एकमेकांवर चढले की नंतर देवालाही सोडवता येत नाहीत.

त्यागराज आज मृदंगाला रवा लावता लावता म्हणाला, "नित्या, तुझ्या ध्वनिमुद्रणांत धूळ म्हणून नाहीं बघ. आस्पत्री, दवाखाना! चपला बाहेर काढून ऐकावें."

"मग धुळीचं ऐक," मी म्हटलं. "कॅसेटी आहेत."

"ऐकिल्या आहेत, बाई," तो म्हणाला. आणि हसला नाही.

१२ डिसेंबर

आज एकच अभंग तिन्ही संचांतून काढून एकाखाली एक लावला. तीन रेघा पडद्यावर.

दुसरा संच: मामांची ओळ संपते, मुली सुरू होतात.
तिसरा: ओळ संपते. पाव सेकंद शांतता. मी सुरू होते. दर वेळी तेवढीच शांतता. अचूक.
पहिला: ओळ संपतच नाही.

मला आधी वाटलं कॅसेट खराब आहे. नाही. मामा शेवटचे दोन-तीन शब्द म्हणतच नाहीत. त्याआधीच राजेश्वरी ओळ उचलते. त्यांच्या तोंडातून घेतल्यासारखी. ते सोडतात, ती धरते, तेवढ्यात त्यांचा श्वास भरलेला असतो आणि पुढची ओळ कुठून तरी वरून येते, न मागता. तेवीस मिनिटं असं. दोघांत एक सांधा दिसत नाही. मी शोधला.

आमच्या संचात मामांना तो श्वास मिळत नाही. ओळ शेवटपर्यंत ओढायची, मग माझी वाट बघायची, मग पुन्हा सुरुवात. मी सभ्यपणानं जागा सोडते, आणि तेवढा माणूस दमतो.

सात वर्षं मी याला स्वच्छता म्हणत होते.

१३ डिसेंबर

ती माझ्यापेक्षा बेसूर आहे. मोजून सांगते. वरच्या षड्जाला दर वेळी चढी.

काही उपयोग झाला नाही.

१५ डिसेंबर

आमच्याच यंदाच्या शुक्रवारच्या भजनांची मूळ मुद्रणं उघडली. दर आठवड्याला इंटरनेटवर चढवते ती नाहीत, कापण्याआधीची. कारण मला काहीतरी आठवत होतं.

बरोबर आठवत होतं. ऑगस्टपासून मामा मधेच थांबतात. ओळ अर्धी म्हणतात आणि सोडून देतात. मी नियमाप्रमाणे वाट बघते. एक सेकंद. दोन. एकदा चार. मग ते पुन्हा तीच ओळ पहिल्यापासून म्हणतात किंवा झांज वाजवत नुसते "विठ्ठल विठ्ठल" घेतात. लोकांना वाटतं, रंगले. मी घरी येऊन तो रिकामा तुकडा कापते आणि सांधा पुसते. इतकी सवय झाली होती की मनात नोंदही राहिली नाही.

आता कळतं आहे. अगदी पहिल्या संचासारखं — तीच जागा, ओळीचं शेपूट. ते सोडतात आणि वाट बघतात. मागून कुणीतरी धरेल म्हणून.

तिची वाट बघतात! इतकी वर्षं झाली. मी मागे बसलेली असताना.

१६ डिसेंबर

कारखाना बंद होता आज. कुणाचं तरी लग्न. दिवसभर शांतता होती आणि मी काहीही ऐकलं नाही.

१७ डिसेंबर

सांगून टाकलं.

जाताना बसमध्ये ठरवलं होतं, तिसरा म्हणायचं. कारणंही तयार होती, आणि सगळी खरी. राजेश्वरीबाईंचं वय चौसष्ट. पहिल्या संचातला मृदंग आणि पेटी वाजवणारे दोघेही गेले. अर्धा संच बसवणं म्हणजे भावनेचं काम, आवाजाचं नव्हे. कुणी प्रश्न विचारला नसता. तिरुविडैमरुदूरच्या फाट्यावर उतरले तेव्हाही तिसराच म्हणणार होते.

मामा ओसरीवर नखं काढत बसले होते. "हं. कुठला?"

"पहिला."

"काय म्हणून?"

"तुमची ओळ ती वेळेवर घेते. मी उशिरा घेते."

त्यांनी नखांकडेच पाहिलं. मला वाटलं होतं थोडे तरी ओशाळतील. एखादा शब्द — तूंही बरी म्हणतेस, असा काहीतरी. त्यांचे खांदे खाली आले. सुटल्यासारखे! मी ते स्पष्ट पाहिलं. सुटका.

"शरि, बरें," म्हणाले. "मृदंगास त्यागराज, पेटी आतांचीच. मागें तेवढी राजेश्वरी. तीस बोलावून आण. तूंच जा."

मीच. बरं.

१९ डिसेंबर

तिरुवलंचुळी. देवळामागच्या रस्त्याला तिसरं घर, दारात सायकली. आत सात-आठ मुली भजनाचं शिकत होत्या. राजेश्वरीबाई पाय पसरून मधोमध, मांडीवर सूप, हातानं कडधान्य निवडताहेत, तोंडानं ताल. मला वाटलं होतं कुणीतरी उंच असेल. ठेंगण्या आहेत. समोरचे दोन दात नाहीत.

"तूंच नित्या कां? तुजला पाहतें मी. प्रति शुक्रवारीं, फोनांत. पाठ काय सरळ ठेवून बसतेस! मजला पाहूनच कंबर दुखते."

मुली हसल्या. मी निरोप सांगितला. त्यांनी मुलींना घरी पाठवलं, मग सूप बाजूला ठेवलं.

"तुकोजीनें बोलाविलें? कीं तूं?"

"निवड माझी आहे. बोलावलं त्यांनी."

"काय म्हणाला? शब्दास शब्द सांग."

मी शब्दास शब्द सांगितलं. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "दोन दात गेले, बाई. 'स' म्हटलें कीं वारा सुटतो. चालेल तुझ्या यंत्रास?"

"माइकासमोर कापडी पडदा लावता येतो."

"कापडी पडदा!" मोठ्यानं हसल्या. "शरि, लाव. येतें."

सोडून का गेलात, असं विचारलं. "मी कुठें गेलें? चेन्नईवाले आले, चार मुली मिळाल्या, सर्व एका मापाच्या. मजला साडी बसेना." हे सांगतानाही हसतच होत्या. त्यांनी बांधून दिलेले डाळीचे अडै मी बसमध्ये खाल्ले. चांगले होते. तेही.

२३ डिसेंबर

तालीम. राजेश्वरीबाईंना माझ्या जागेवर बसवलं. माइकाची उंची एक वीत खाली केली.

पहिल्या दोन अभंगांत त्या चुकत होत्या. उशीर. मामांची ओळ संपेपर्यंत थांबत होत्या, माझ्यासारख्या! मला आनंद झाला. तो इथे नोंदवते, कारण तो झाला. तिसऱ्या अभंगाला मामांनी ओळ अर्ध्यावर सोडली आणि राजेश्वरीबाईंनी ती धरली. मग शेवटपर्यंत तेच. त्यागराजनं डोळे मिटून घेतले. मी हेडफोन काढून ठेवला. गरज नव्हती, काही बिघडतच नव्हतं.

संपल्यावर मी वायर गुंडाळत होते. त्या जवळ आल्या, दारात कुणी नाही असं पाहून म्हणाल्या, "एक सांगूं? राग मानूं नको. बारा वर्षें त्याच्या मागें म्हटलें, पण त्याची ओळ शेवटास कशी टेकते तें मजला ठाऊकच नव्हतें. मी आधींच धरायचें ना. तुझ्या फोनांत पहिल्यानें ऐकिली. पूर्ण ओळ. शेवटचें अक्षर कसें हळूच ठेवतो! पोटांत आग पडली माझ्या. म्हटलें, ही पोरगी सर्व ऐकते. मजला कुणीं ऐकूं दिलें नाहीं."

"आज सुरुवातीला म्हणून उशीर करत होतात?"

"दोनच अभंग," त्या म्हणाल्या. "लोभ सुटला."

त्या माझा मत्सर करतात, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तीन वायरी गुंडाळल्या. तिन्ही पुन्हा सोडून गुंडाळाव्या लागल्या.

२८ डिसेंबर

झालं.

मंडप भरला होता. मी मंडपाच्या टोकाला, मिक्सरमागे. मामा, त्यागराज, पेटी, आणि राजेश्वरीबाई — मोरपंखी रेशीम, केसांत कनकांबराचा गजरा. इतक्या लांबून त्यांचं तोंड दिसत नव्हतं. आवाज मात्र सर्वांत आधी माझ्याकडे येत होता.

मामांनी कधी नव्हे इतक्या ओळी सोडल्या. पहिल्या कॅसेटीतसुद्धा इतक्या नाहीत. काही तर दोन शब्दांवर. एकदा नुसता हात वर केला. दर वेळी ओळ तिथे होती. माझ्या पुढे बसलेला एक धिप्पाड माणूस, बहुतेक पोलिसातला, उपरण्यानं डोळे पुसत होता.

तिचा माइक माझ्या बोटाखाली होता. मी तो अर्धा डेसिबलही खाली घेतला नाही. जितका हवा तितका ठेवला. दोनदा वर नेला, कारण दोनदा वर न्यायला हवा होता. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं मुद्रण आज झालं आणि त्यात मी नाही.

शेवटी सभेनं मामांना हार घातला. त्यांनी तो काढून वळून तिच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याजवळून जाताना मामा थांबले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. नटराज मात्र आले, तोंडभर हसत. "नित्या, काय निवड केलीस! मधलीं तीस वर्षें गेलींच नाहींत असें वाटलें."

त्या तीस वर्षांतली सात माझी होती.

सामान टेंपोत भरताना राजेश्वरीबाई म्हणाल्या, "परवां घरीं येतें तुझ्या. कापी दे."

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार!

३० डिसेंबर

राजेश्वरीअक्का आल्या होत्या. घसा पार बसलाय. कुजबुजत बोलल्या, शेजारी ठोके चालू होते म्हणून माझ्या कानाशी.

"त्यास शब्द आठवत नाहींत, बाई. पावसाळ्यापासून. ओळ धरतो आणि पुढें अंधार. तुजला सांगूं नको म्हणाला."

"मला का नाही?"

"तूं मोजतेस. तुजलाच भितो तो."

ते तिची वाट बघत नव्हते. कुणाचीच नाही. शब्दाची. आणि मी मागे बसून पाव सेकंद, एक सेकंद, चार सेकंद मोजत होते.

शुक्रवारी अक्का येणार नाहीत. मागे मी. तीनशेच्या आसपास अभंग आहेत. सात वर्षं म्हणते आहे, पण त्यांनी म्हटल्यावर, त्यांच्या मागून. पुढची ओळ मला एकाचीही येत नाही.

आज एक अभंग पाठ झाला.